देवाच्या आणि आपल्या मधला माणूस



दिवेलागणीची वेळ आहे. कोणी कणीक भिजवत असाल, कोणी ढोरांना कुटार टाकून आत्ताच आत आल्या असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आजचा विषय देवाधर्माचा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे बोलणं कोणाच्याही देवाविरुद्ध नाही. कोणी एकादशी करते, कोणी बुद्धवंदना म्हणते, कोणी रोजा धरते, कोणी रविवारी चर्चमध्ये जाते. ते ज्याचं त्याच्यापाशी. आज बोलायचं आहे ते देव आणि आपण यांच्या मध्ये जो माणूस उभा असतो, त्याच्याबद्दल. महाराज, बाबा, मांत्रिक, गादीवरचे, मठाचे विश्वस्त, जे कोणी असतील ते.

गावात दोन गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात. म्हातारी माणसं म्हणतात, "सप्ताहाला आता पहिल्यासारखं कोणी येत नाही बाई. काल्याच्या दिवशी जेवायला पंगतीवर पंगती, अन् कीर्तनाला पुढच्या दोन सतरंज्या." आणि त्याच आठवड्यात कोणी सांगतं, "तालुक्याला अमक्या बाबाचा कार्यक्रम होता, मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती." मग खरं काय? लोकांचा धर्मातला रस आटतो आहे की वाढतो आहे?

आधी जरा जगाकडे पाहू. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली जनगणना झाली. स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे लोक तिथं पहिल्यांदाच निम्म्याहून कमी निघाले, शंभरात ४६. कोणताच धर्म नाही असं लिहिणारे शंभरात ३७. अमेरिकेत गॅलप नावाची पाहणी करणारी संस्था आहे. तिच्या २०२० च्या पाहणीत चर्चचे, मशिदीचे किंवा ज्यूंच्या प्रार्थनागृहाचे सभासद असलेले लोक शंभरात ४७ निघाले. ही मोजणी १९३७ पासून चालू आहे आणि तेव्हापासून पहिल्यांदाच आकडा निम्म्याखाली आला.

आपल्याकडे तसं झालेलं नाही. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी लोकांपैकी धर्म न सांगितलेले लोक सुमारे २९ लाख होते. म्हणजे हजारात दोन-अडीच. प्यू नावाच्या अमेरिकी संस्थेनं २०१९-२० मध्ये भारतातल्या जवळजवळ ३० हजार लोकांना घरी जाऊन विचारलं. शंभरातले ९७ म्हणाले, आम्ही देवाला मानतो. तेव्हा आपल्या देशातून देव चालला अशी काळजी करायचं कारण नाही. देवघरातला दिवा अजून लागतोच आहे.

पण दिव्याजवळ बसणारी बाई बदलली आहे. ती आता विचारते. वर्गणी किती जमली, खर्च कुठं झाला, महाराजांची गाडी कोणाच्या पैशाची, हे ती आधी मनात विचारत होती, आता ओसरीवर बसून मोठ्यानं विचारते. तिची नात कॉलेजात जाते, ती तर तोंडावर विचारते. याला कोणी म्हणतं अधर्म, कोणी म्हणतं मोबाईलनं पोरं बिघडवली. मला वाटतं, हे विचारणं आपल्या विदर्भाच्या मातीतलंच आहे. ते बाहेरून आलेलं नाही. आणि ज्यांनी ते शिकवलं, ते स्वतः देवाधर्माचेच लोक होते.

साडेसातशे वर्षांपूर्वी चक्रधर स्वामी झाले. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे त्यांच्या गुरूंचं, गोविंदप्रभूंचं गाव. चक्रधरांच्या मागे बाया फार होत्या. त्यातली महदाइसा ही मराठीतली पहिली कवयित्री मानली जाते. त्या काळात बाईला धर्माचं ज्ञान द्यायचं नाही असा शिरस्ता होता. चक्रधरांनी तो मोडला. पाळीच्या विटाळाबद्दलही त्यांचं म्हणणं साधं होतं. शरीरातून जसं दुसरं काही बाहेर पडतं तसंच हे, त्यानं बाई अपवित्र होत नाही. हे तेराव्या शतकात म्हटलेलं आहे. आज कोणी महाराज व्यासपीठावरून बायांच्या विटाळाचे नियम सांगायला लागले, तर रिद्धपूर आठवावं.

मग गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परटाच्या घरचा मुलगा, शाळा पाहिली नाही. हातात खराटा आणि मडकं. गावात यायचे ते आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. लोकांना विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कर्ज काढून सणवार करू नका, देवाच्या नावानं बकरं कापू नका, लेकरांना शाळेत घाला, नवस-सायासात पैसा घालवू नका. कोणी पाया पडायला आलं तर त्यांना आवडत नसे. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, असं सांगत. आणि पैसा? लोकांनी त्यांच्या शब्दावर लाखो रुपये दिले. त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाईकांना डोकं टेकायला जागा झाली. तिथं त्यांनी स्वतःसाठी, घरच्यांसाठी काही ठेवलं नाही. संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे, आणि बाबा झाडाखाली भाकर खात. ज्यांना आपण आज महाराज म्हणतो त्यांना मोजायचं माप हे असं आपल्याच जिल्ह्यात पडलेलं आहे.

तिसरे तुकडोजी महाराज. ३० एप्रिल १९०९ चा जन्म, गाव यावली. १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले. मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, आणि १९५५ साली ग्रामगीता आली. ती गावाला अर्पण केलेली. तिच्यात बायांच्या उन्नतीवर वेगळा अध्याय आहे. सामुदायिक प्रार्थना त्यांनी गावोगाव सुरू केली. तिथं समोर कोण्या एका देवाची मूर्ती नसते, अधिष्ठान असतं. जो तो आपल्या देवाला मनात आणतो. आजही आपल्याकडे किती गावात बायांची खंजिरी भजन मंडळं आहेत! त्यात कोणी कोणाला दक्षिणा देत नाही. जिचा गळा चांगला ती म्हणते, बाकीच्या मागून म्हणतात.

आणि चौथी गोष्ट नागपूरचीच. १४ ऑक्टोबर १९५६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माईसाहेबांसह भदंत चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखो माणसांना स्वतः दीक्षा दिली. दीक्षा देणारा माणूस चीवर घातलेला भिक्खू नव्हता, संसारी माणूस होता. २२ प्रतिज्ञांमध्ये तर भटाकडून कुठलाही विधी करून घेणार नाही अशी प्रतिज्ञाच आहे. पांढरी साडी नेसून आलेल्या हजारो बायांनी ती उभ्यानं म्हटली. ज्या धर्मानं पिढ्यान् पिढ्या देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं नाही, तो सोडायला हिंमत लागली, आणि ती नागपुरात दिसली. मघाच्या त्याच प्यू संस्थेच्या पाहणीत बौद्ध लोकांतले साधारण तीनातले एक म्हणाले, आम्ही देव मानत नाही. तरी दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी होते. देव न मानणाराही श्रद्धेनं येतो, हे तिथं पाहायला मिळतं.

तिथलीच अलीकडची एक गोष्ट. दीक्षाभूमीवर जमिनीखाली वाहनतळाचं काम सुरू झालं होतं. स्मारकाला धोका होईल असं लोकांना वाटलं. १ जुलै २०२४ रोजी माणसं मोठ्या संख्येनं जमली, काम थांबवा म्हणाली. तिथं तोडफोड, जाळपोळ झाली, तिचं समर्थन कोणी करू नये. पण सरकारला काम थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. त्या माणसांची श्रद्धा कमी झालेली नव्हती. श्रद्धा होती म्हणूनच ती कारभाऱ्यांना जाब विचारायला आली.

आता आपल्या बायांकडे येऊ. बाई सत्संगाला का जाते, हे हसण्यावारी नेऊ नका. तिला दिवसभरात घरातून बाहेर पडायचं एक कारण तेवढंच असतं. बाजाराला जाते म्हटलं तर "काल तर गेली होती". माहेरी जाते म्हटलं तर भांडण. पण "बैठकीला जाते, पारायणाला जाते" म्हटलं की सासूही अडवत नाही, नवराही काही बोलत नाही. तिथं दोन तास बसायला मिळतं. शेजारीण भेटते. कोणीतरी गोड बोलतं. नवऱ्याची दारू, पोराची नोकरी, सुनेची कूस, वावरातलं कर्ज, कोणाला सांगावं? तिथं कोणी तरी म्हणतं, "माय, सारं नीट होईल." हे एक वाक्य ऐकायला बाई पाच कोस चालत जाते. हे आपण समजून घेतलं नाही, तर तिला आपण फक्त अडाणी म्हणत राहू आणि ती आपलं ऐकणार नाही.

पण याच दुःखावर काही लोकांचा धंदा चालतो. त्यात दोन गोष्टी जातात, पैसा आणि देह.

पैशाचा हिशोब करून पाहू. धरा, एखाद्या बाईनं घरातली पीडा जावी म्हणून विधी करायला गटातून पंधरा हजार रुपये उचलले. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन धरू. म्हणजे महिन्याला ३०० रुपये, वर्षाला ३,६०० रुपये, नुसतं व्याज. कापूस वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला, तर एवढ्या व्याजासाठी तिला ३६० किलो कापूस वेचावा लागेल. दिवसाला तीस किलो वेचला तरी बारा दिवस. मुद्दल फेडायला आणखी पन्नास दिवस. बासष्ट दिवस बोटांना बोंडाची टोकं टोचून घ्यायची, आणि पीडा तशीच. तोच पैसा नवऱ्याच्या तपासणीला, पोरीच्या फीला, शेळीला गेला असता. म्हणून गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण लिहिताना "घरखर्च" एवढंच लिहून सोडू नका. खरं कारण विचारा. विचारताना तिला चार जणींत उघडं पाडू नका, अध्यक्ष-सचिवांनी बाजूला बसवून विचारा. पीडा कोणती आहे ते कळलं तर दुसरा रस्ता सापडतो.

दुसरी गोष्ट देहाची. ती बोलायला जड आहे, पण बोलली पाहिजे. नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरवर छिंदवाडा आहे. तिथं आसारामच्या आश्रमाची शाळा होती. त्या शाळेत शिकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीच्या आईबापांना सांगितलं गेलं की तिच्यावर भुताची छाया आहे, बापूंकडेच न्यावं लागेल. आईबाप भक्त. त्यांनी विश्वास ठेवला. ऑगस्ट २०१३ मध्ये जोधपूरजवळच्या आश्रमात तिच्यावर अत्याचार झाला. मुलगी गप्प बसली नाही, आईबाप तिच्या पाठीशी उभे राहिले. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. तरी २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयानं आसारामला जन्मठेप सुनावली. लाखो लोकांचा विश्वास ज्याच्यावर होता, तो माणूस एका शाळकरी मुलीच्या शब्दानं तुरुंगात गेला. आपल्याही भागात त्याचे फोटो कितीतरी घरांत लागलेले होते.

यातून आपण एवढं घेऊ. कोणीही असो, कोणत्याही धर्माचा असो, बाईला किंवा पोरीला एकटीला आतल्या खोलीत पाठवायचं नाही. "आईनं बाहेर थांबावं" असं जिथं सांगतात, तिथून आईनं पोरीचा हात धरून निघावं. देवाला बंद दार लागत नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे, तो माहीत असू द्या. नागपुरातच १९८२ मध्ये श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं कायद्यासाठी धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात, नागपुरात, कायदा मंजूर झाला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र आहे.

यात काय येतं? भूत काढतो म्हणून मारणं, चटके देणं. चमत्कार दाखवून पैसे उकळणं. कोण्या बाईला करणी करते, चेटूक करते म्हणून त्रास देणं, तिची धिंड काढणं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं. साप, विंचू, कुत्रं चावलं असताना दवाखान्यात जाऊ न देता मंतर घालत बसणं. पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देतो म्हणणं. माझ्या अंगात शक्ती आहे, मूल होईल, असं सांगून बाईशी संबंध ठेवणं. यातलं काही दिसलं तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

आणि काय येत नाही, तेही ऐका, कारण यावरून फार गैरसमज पसरवले गेले. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन, पोथी, घरची पूजा, सणवार यांना हा कायदा हातही लावत नाही. तसं कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे आपण सुरुवातीला जी रेघ ओढली, तीच कायद्यानं ओढली आहे. देव तुमचा तुमच्यापाशी. मधल्या माणसानं लुबाडलं, मारलं, अब्रूवर हात टाकला, तर गुन्हा.

प्रत्येक वेळी गुन्हा सिद्ध होतोच असं मात्र नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांचा कार्यक्रम झाला. न सांगता दुसऱ्याच्या मनातलं ओळखतात म्हणून गर्दी होती. श्याम मानव यांनी आव्हान दिलं, आमच्यासमोर सिद्ध करा, ३० लाख रुपये देतो. तक्रारही केली. पोलिसांनी चौकशी केली आणि या कायद्याखाली गुन्हा होत नाही असं सांगितलं. कोणी त्यांच्या बाजूनं, कोणी विरोधात, शहरभर चर्चा झाली. तेव्हा सारं पोलिसांवर आणि कायद्यावर टाकून चालत नाही. आपली अक्कल आपल्याजवळ हवी.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या स्वतःवर येतो.

समजा उद्या सारे बाबा-महाराज उठून गेले. मंडप रिकामे झाले. तरी हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा बाई दारातूनच परत जाणार असेल, तर तिला अडवलं कोणी? तिथं महाराज नव्हता. आपणच होतो. नवरा गेल्यावर तिच्या हातातल्या बांगड्या फोडणारे हात कोणाचे असतात? बायांचेच. लग्नात तेलहळद लावताना "तू जरा मागं हो" असं कोण म्हणतं? गडचिरोलीकडे पाळीच्या दिवसांत बायांनी कुर्माघरात, गावाबाहेरच्या झोपडीत राहायची रीत आहे. आपल्याकडे झोपडी नसेल, पण चार दिवस बाजूला बसवणारी घरं कमी नाहीत. पोरीच्या ताटाखाली वेगळी पाटी आपणच सरकवतो. या रिती चालवायला कोणी गुरू लागत नाही. त्या आपल्या हातानं चालतात.

म्हणून त्या आपल्याच हातानं थांबूही शकतात. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचं गाव आहे, शिरोळ तालुक्यात. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामसभेत असा ठराव ठेवायला गटातल्या बायांना कोणी अडवू शकत नाही. ठराव कागदावर झाला म्हणजे सारं झालं असं नाही, हे मलाही माहीत आहे. पण ठराव असला की जिला बांगड्या ठेवायच्या आहेत, तिच्या बाजूनं बोलायला एक कागद असतो. चार जणी बोलणाऱ्या असल्या की पाचवी धजावते.

आणि सत्संग सुटला तर बाईनं जायचं कुठं? हा प्रश्न मी मघाशी सोडला होता. महाराज सोडला म्हणून बाईनं पुन्हा चार भिंतीत कोंडून घ्यायचं, हा काही फायद्याचा सौदा नाही. जागा राहिली पाहिजे, वेळ राहिली पाहिजे, नुसती गादी रिकामी झाली पाहिजे. गटाची बैठक पैसे गोळा करून दहा मिनिटांत उरकू नका. हप्ते झाले की अर्धा तास बसा. आधी एक भजन म्हणा, नाहीतर वंदना म्हणा, नाहीतर नुसतं गाणं म्हणा. मग जिला सांगायचं आहे तिनं सांगावं. पोराला ताप येऊन उतरत नाही, हे ऐकून एखादी म्हणेल, "चल, सकाळी मी येते तुझ्यासोबत दवाखान्यात." नवरा मारतो, हे ऐकून तिघी जणी तिच्या घरी जातील. जे गोड वाक्य ऐकायला बाई पाच कोस जात होती, ते शेजारणीच्या तोंडून ऐकू आलं, आणि त्याच्यामागे शेजारीण उठून उभीही राहिली, तर तिला मंडपाची गरज आपोआप कमी होईल. तिला कोणी उपदेश करावा लागणार नाही.

कोणी म्हणेल, मग काय कोणालाच मानायचं नाही? मानायचं ना! ज्यानं आपल्याला काही शिकवलं त्याला मानायचं. चांगला कीर्तनकार असतो, त्याच्या बोलण्यानं दारू सुटलेली माणसं असतात. गावात शाळेसाठी झटणारे भन्ते असतात, मौलवी असतात, दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर असतात. त्यांना मान द्यावा. फक्त मान देताना डोळे उघडे असावेत.

जाता जाता, पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देते. लिहून घ्या, नाहीतर घरातल्या पोरीला लिहायला सांगा.

पहिला. गेल्या वर्षी आपल्या गटातून किती पैसा विधी, नवस, उतारे यासाठी गेला? ज्यांनी नेला त्यांची पीडा गेली का?

दुसरा. ज्या कोणाला आपण मानतो, ते आलेल्या पैशाचा हिशोब चार लोकांसमोर देतात का? गाडगेबाबांच्या मापानं मोजा.

तिसरा. आपल्या गावात हळदीकुंकवाला कोणकोण बोलावलं जात नाही? त्यांची नावं घ्या. आणि या संक्रांतीला त्यातल्या कोणाच्या घरी आपण सगळ्या मिळून जाणार, ते तिथंच ठरवा.

बोलून पाहा. वाद होईल, होऊ द्या. एखादी रागावून उठूनही जाईल, तिला दुसऱ्या दिवशी जाऊन भेटा. तिचा देव आपण काढून घेत नाही आहोत, हे तिला नीट सांगा.